जागा झाली, माणसं गेली

21 नोव्हेंबर 2008. एनबीए या बास्केटबॉल लीगमधल्या न्यूयॉर्क निक्सने एकाच दिवशी आपले सर्वाधिक गुण करणारे दोन खेळाडू देऊन टाकले. जमाल क्रॉफर्ड गेला गोल्डन स्टेटकडे, झॅक रँडॉल्फ लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे. मोसम सुरू होऊन महिनाही झाला नव्हता. दोघं जखमी नव्हते, दोघं वाईटही खेळत नव्हते. त्यांचे करार 2011च्या उन्हाळ्यापर्यंत होते, एवढंच त्यांचं चुकलं. निक्सना तिजोरी मोकळी हवी होती 2010च्या उन्हाळ्यात.

कारण त्या उन्हाळ्यात लीगमधला सर्वांत मोठा खेळाडू लेब्रॉन जेम्स मोकळा होणार होता.

चारच दिवसांनी लेब्रॉनचा क्लीव्हलंड संघ न्यूयॉर्कला सामना खेळायला आला. पत्रकारांचे प्रश्न त्या रात्रीच्या सामन्याचे नव्हते, दीड वर्षानंतरच्या 1 जुलैचे, तो मोकळा होईल त्या दिवसाचे होते. यजमान संघाची जर्सी घालून जी माणसं त्या रात्री धावत होती, त्यांना आपण तात्पुरते आहोत हे भर सभागृहात कळत होतं. एनबीएतली फ्री एजन्सीची तयारी म्हणतात ती ही. मला ती तेव्हाही पटली नव्हती, आजही पटत नाही.

फ्री एजन्सी म्हणजे काय, ते दोन ओळींत. करार संपलेला खेळाडू वाटेल त्या संघाशी बोलू शकतो. आयपीएलच्या लिलावात हातोडा पडला की खेळाडूने त्या गावी जायचं. इथे गाव खेळाडू निवडतो. हा हक्क लीगने खुशीने दिलेला नाही. खेळाडू संघटनेचा अध्यक्ष असताना ऑस्कर रॉबर्टसनने 1970 साली लीगला कोर्टात खेचलं, 1976मध्ये तडजोड झाली, आणि पहिला खरोखरचा मोकळा खेळाडू दिसायला 1988 उजाडावं लागलं. त्या वर्षी टॉम चेंबर्स सिअ‍ॅटल सोडून फीनिक्सला गेला. इतक्या कष्टांनी मिळालेला हक्क खेळाडूंनी पुरेपूर वापरावा. माझं भांडण संघांशी आहे.

संघांच्या हातात असतो पगाराचा हिशोब. 2010-11च्या मोसमासाठी पगारमर्यादा होती 5 कोटी 80 लाख डॉलर. स्वतःचा जुना खेळाडू राखताना ती ओलांडता येते. या सवलतीला लॅरी बर्डचं नाव चिकटलेलं आहे. बाहेरचा मोठा खेळाडू आणायचा तर मात्र मर्यादेच्या आत तेवढी जागा लागते. मग जागा करायची. कशी? ज्यांचे करार लांब आहेत त्यांना घालवायचं, ज्यांचे करार संपत आलेत त्यांना घ्यायचं. संपत आलेला करार ही तिथे चलनी नोट आहे, आणि त्या नोटेवर छापलेला माणूस खेळतो की नाही याला किंमत नाही.

हे मी उगाच म्हणत नाही. रँडॉल्फच्या बदल्यात जे दोघं आले त्यांतला एक कटिनो मोब्ली. शारीरिक तपासणीत त्याच्या हृदयात दोष आढळला. व्यवहार तरीही झाला. डिसेंबर 2008मध्ये मोब्लीने निवृत्ती जाहीर केली. निक्ससाठी तो एक मिनिटही खेळला नाही. हिशोबाचं काहीच बिघडलं नाही, कारण त्याचा करार 2010ला संपत होता आणि हवं होतं ते तेवढंच. हृदय दुखरं निघालेला एक माणूस, आणि कागदावर सगळं आलबेल. या एका व्यवहारातच मला ही सगळी तयारी दिसते.

फेब्रुवारी 2010मध्ये निक्स आणखी पुढे गेले. जॅरेड जेफ्रीजच्या करारात अजून एक वर्ष बाकी होतं. ते एक वर्ष खांद्यावरून उतरवायला त्यांनी काय मोजलं पाहा. आठ महिन्यांपूर्वी ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, आठव्या क्रमांकावर निवडलेला कोवळा जॉर्डन हिल दिला. 2011च्या पहिल्या फेरीत निवडींची अदलाबदल करण्याचा हक्क ह्यूस्टनला दिला, आणि वर 2012ची पहिल्या फेरीची निवड. बदल्यात निक्सकडे आला ट्रेसी मॅकग्रेडी: गुडघ्याने जेरीला आलेला, पगार सुमारे 2 कोटी 30 लाख डॉलर, करार चार महिन्यांत संपणारा. पहिल्याच रात्री त्याने 26 गुण केले. निक्सच्या घरच्या मैदानातले, गार्डनमधले लोक वेडे झाले. त्यांना दीड वर्षात आनंदाला निमित्तच मिळालं नव्हतं. मॅकग्रेडी निक्ससाठी 24 सामने खेळला आणि गेला.

त्या दोन मोसमांत निक्सनी 32 आणि 29 सामने जिंकले. एका मोसमात सामने असतात 82. घराचं भाडं, मुलांच्या फिया सांभाळून ज्यांनी तिकिटं काढली, त्यांना दोन वर्षं 2010चं नाव ऐकवलं गेलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. आपल्या म्हणीतल्या भटणीच्या जागी इथे तिकीट काढणारा प्रेक्षक होता.

निक्स एकटे नव्हते. न्यू जर्सी नेट्सनी 2009-10चा मोसम सलग 18 पराभवांनी सुरू केला आणि 12 विजय, 70 पराभवांवर संपवला. शिकागो बुल्सनी सात वर्षं इमानाने खेळलेल्या कर्क हाइनरिकला, सोबत 17वी निवड जोडून, वॉशिंग्टनला पाठवलं. निवड का जोडली? कोणी त्याचा पगार उचलावा म्हणून! सात वर्षांच्या घामावर ही वरताण.

आणि मग 1 जुलै उगवला. सगळे संघ क्लीव्हलंडच्या एका कार्यालयात रांगेने हजर झाले. नेट्सकडून रशियन अब्जाधीश मिखाईल प्रोखोरोव्ह आणि गायक जे-झी. निक्सनी एक चित्रफीत बनवून आणली होती, त्यात ‘द सोप्रानोज’ मालिकेतलं गाजलेलं जोडपं लेब्रॉनला न्यूयॉर्कला यायची गळ घालतं. मायामी हीटचे पॅट रायली यांनी आपल्या विजेतेपदांच्या अंगठ्या आणल्या. मला अंगठ्यांचं फार कौतुक नाही, पण दोन्हींतला फरक बघण्यासारखा आहे. एकाने आपण काय दाखवू शकतो ते आणलं, दुसऱ्याने आपण काय केलंय ते.

8 जुलैच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे 9 तारखेच्या सकाळी, लेब्रॉनने ईएसपीएनवरून मायामीचं नाव घेतलं. पाठोपाठ जो धुरळा उडाला त्यात एक गोष्ट झाकली गेली, आणि मला तीच सांगायची आहे. या उन्हाळ्याची खरी तयारी खेळाडूंनी केली होती, तीही चार वर्षं आधी.

लेब्रॉन, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश 2003च्या एकाच ड्राफ्टमधले. निवड अनुक्रमे पहिली, पाचवी आणि चौथी. 2006मध्ये तिघांनीही मुद्दाम आखूड करार केले, 2010ला बाहेर पडता येईल असे. त्याच ड्राफ्टमधल्या कार्मेलो अँथनीने एक वर्ष जास्तीचं लिहून दिलं आणि तो या उन्हाळ्याला मुकला. 2008च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हे तिघं अमेरिकेच्या सुवर्णपदक विजेत्या संघात एकत्र होते. एकत्र खेळले, जेवले, राहिले. एकमेकांचा स्वभाव त्यांना पाठ झाला. संघ जेव्हा आकड्यांची वजाबाकी करत होते तेव्हा हे तिघं माणसं पारखत होते.

मायामीनेही जागा केली होतीच, त्यांना मी धुतल्या तांदळासारखं म्हणणार नाही. 2008च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या मायकल बीझलीला त्यांनी मिनेसोटाला जवळजवळ फुकट दिलं. पण जागा करताना त्यांनी घर उठवलं नाही. वेड तिथेच होता. 2009 आणि 2010, दोन्ही वर्षं संघ प्लेऑफमध्ये पोचला. प्रेक्षकाला त्यांनी तारखेवर तारीख दिली नाही. आणि तिघं आल्यावर तिघांनीही आपला कमाल पगार सोडून थोडं कमी घेतलं, म्हणजे मायामीचाच मुलगा युडोनिस हॅस्लेम संघात राहू शकेल. हॅस्लेम 2023पर्यंत तिथेच राहिला, 20 मोसम. फ्री एजन्सीच्या सगळ्या इतिहासात मला हा तपशील सर्वांत जास्त आवडतो. नव्या माणसांनी जुन्या माणसासाठी जागा केली.

निक्सच्या मोकळ्या जागेत आला अमारे स्टुडमायर. पाच वर्षं, सुमारे 10 कोटी डॉलर. त्याच्या गुडघ्यावर 2005मध्ये मोठी शस्त्रक्रिया झालेली असल्याने या कराराला विम्याचं संरक्षण मिळालं नाही. पहिला मोसम त्याने जीव तोडून खेळला, मग शरीर साथ देईना, आणि फेब्रुवारी 2015मध्ये करार पुरा होण्याआधीच संघाने त्याला मोकळं केलं. स्टुडमायरला मी दोष देणार नाही. ‘मी येतो’ म्हणणारा तो एकटा होता. दोष त्यांचा, ज्यांनी दोन वर्षं घर रिकामं केलं आणि पाहुणा येईलच असं गावभर सांगितलं. नेट्सचं तर त्याहून वाईट झालं: लेब्रॉनसाठी काढलेल्या जागेत ट्रॅव्हिस आउटलॉ आला, पाच वर्षांसाठी, साडेतीन कोटी डॉलरवर.

क्लीव्हलंडमध्ये लेब्रॉनची जर्सी जाळली गेली. 61 सामने जिंकणारा संघ पुढच्या मोसमात 19वर आला; त्यात सलग 26 पराभव. ते दुःख खरं होतं, मी त्याला हसणार नाही. निरोप टीव्हीवरून जाहीरपणे देणं क्रूर होतं, हेही मान्य. पण सात वर्षं मन लावून खेळून, करार पुरा करून गेलेल्या माणसाला गद्दार म्हणायचं, आणि हाइनरिकला निवडीच्या पुडीत बांधून पाठवणाऱ्यांना दूरदर्शी म्हणायचं, हा न्याय मला समजत नाही. खेळाडू गेला की त्याची निष्ठा तपासतात. संघाने खेळाडू घालवला की हिशोब तपासतात आणि शाबासकी देतात.

आता नियम बदललेत. 2025-26ची पगारमर्यादा 15 कोटी 46 लाख डॉलर आहे. तिच्या बऱ्याच वर आणखी एक रेषा आखली आहे, 20 कोटी 78 लाखांची. ती ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, आणि सात वर्षांनंतरची निवडसुद्धा गोठते. त्यामुळे 2025च्या उन्हाळ्यात बॉस्टन सेल्टिक्सने जे केलं ते कोणा पाहुण्यासाठी नव्हतं. वर्षभरापूर्वी विजेतेपद मिळवून देणारे जरू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस त्यांनी घालवले ते त्या रेषेच्या खाली यायला. कारण नवं, बळी तेच.

निक्सना शेवटी आपला माणूस मिळाला तो 2022मध्ये: जेलन ब्रन्सन. तेव्हाही त्यांनी जागा केलीच, ॲलेक बर्क्स आणि नर्लन्स नोएलला डेट्रॉइटला पाठवून. पण ब्रन्सन त्या जागेमुळे आला असं मला वाटत नाही. त्याचे वडील रिक निक्सकडून खेळलेले, तिथेच सहायक प्रशिक्षक. संघाचे अध्यक्ष लिऑन रोझ हे पूर्वी त्याच वडिलांचे एजंट. नियमाने बोलणी 30 जूनच्या संध्याकाळी सहाला सुरू व्हायची, ती त्याआधीच सुरू झाली म्हणून लीगने निक्सची दुसऱ्या फेरीची एक निवड काढून घेतली, आणि ते योग्यच केलं. पुढे 2024मध्ये ब्रन्सनने वर्षभर थांबून जेवढं मिळालं असतं त्याहून जवळपास 11 कोटी डॉलर कमी घेऊन नवा करार केला. संघात सोबती टिकावेत म्हणून. हॅस्लेमसाठी तिघांनी सोडले होते तसेच.

आणि ज्यांना 2008मध्ये जागेसाठी बाहेर काढलं ते? क्रॉफर्ड पुढच्याच मोसमात अटलांटासाठी राखीव खेळाडूंमधला सर्वोत्तम ठरला. रँडॉल्फला क्लिपर्सनी 2009मध्ये मेम्फिसला दिलं. 2011च्या प्लेऑफमध्ये आठव्या मानांकनाच्या मेम्फिसने पहिल्या मानांकनाच्या सॅन अँटोनियोला घरी पाठवलं, तेव्हा निर्णायक सहाव्या सामन्यात रँडॉल्फने 31 गुण केले. तो त्या शहराचा झाला आणि शहर त्याचं. डिसेंबर 2021मध्ये मेम्फिसने त्याची 50 नंबरची जर्सी छताला लावली. त्या संघाच्या इतिहासात असा मान मिळालेला तो पहिला खेळाडू.