वडिलोपार्जित पराभव

वारसाहक्काच्या कायद्यात घर, जमीन, दागदागिने आणि कर्ज या सर्वांचा विचार झालेला असला, तरी बेसबॉलच्या एखाद्या संघावरची निष्ठा ही जी मिळकत अमेरिकेतील अनेक घराण्यांत बापाकडून मुलाकडे आणि आजीकडून नातीकडे जाते, तिची नोंद कुठल्याच सातबाऱ्यावर होत नाही आणि म्हणूनच ती नाकारण्याची सोयही वारसाला उरत नाही. या मिळकतीचा सर्वांत बुडीत नमुना म्हणजे शिकागो कब्ज. (हे नाव देवनागरीत लिहिले की हिंदी जाहिरातींतला एक पोटविकार आठवतो, आणि संघाचा इतिहास पाहता ती आठवण अगदीच अस्थानी म्हणवत नाही.) 1908 मध्ये या संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन प्रमुख लीगांच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, जिंकली आणि पुढच्या विजेतेपदासाठी तब्बल 108 वर्षे लावली.

एवढ्या अपयशाला कारण लागते, आणि ते नुसते खराब खेळाचे असून भागत नाही. आख्यायिकेनुसार 1945 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बिली सायानिस नावाचा मद्यालयाचा मालक आपल्या बोकडासह रिग्ली फील्ड या मैदानावर गेला असता बोकडाच्या वासामुळे दोघांनाही बाहेर काढण्यात आले, आणि संतापलेल्या सायानिसने संघाला शाप दिला. बोकडाचे तिकीटही काढलेले होते, हे लक्षात घेता शापामागची बाजू कायदेशीरदृष्ट्या भक्कम दिसते. त्यानंतर दर हंगामाअखेर घराघरांत "पुढच्या वर्षी बघू" असे म्हटले जाई. गणपती पाण्यात सोडताना लवकर येण्याचा आग्रह करणाऱ्यांना या वाक्यातली धाप चटकन ओळखू येईल.

निष्ठा मुलांपर्यंत पोहोचते ती मात्र शापातून नव्हे, तर पेन्सिलीतून. स्कोअरकार्ड म्हणजे सामन्याची चौकटी-चौकटींची हातनोंद, आणि ती घडवण्यात मोठा वाटा हेन्री चॅडविक या इंग्लंडात जन्मलेल्या, आधी क्रिकेटचे वृत्तांत लिहिणाऱ्या पत्रकाराचा. तीत खेळाडूंना जागेनुसार 1 ते 9 हे अंक दिलेले असतात, त्यामुळे 6-4-3 एवढे लिहिले की चेंडू शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या आणि तिथून पहिल्या बेसवरच्या खेळाडूकडे जाऊन दोघे बाद झाले, हे जाणकाराला कळते. फलंदाज बॅट फिरवून तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झाला तर इंग्रजी 'के', आणि बॅट न हलवता नुसता बघत राहिला तर तेच अक्षर उलटे. वडिलांच्या मांडीवर बसून उलटा 'के' गिरवणाऱ्या मुलाला अक्षरओळख आणि जगातली निष्क्रियता यांचे शिक्षण एकाच वेळी मिळते. पुढे वडील गेल्यावर खणात सापडणाऱ्या अशा कार्डांवर पराभव संघाचा असतो, पण अक्षर वडिलांचे असते, आणि रद्दीवाल्याशी होणारा व्यवहार तिथेच फिसकटतो.

म्हणूनच 2016 च्या नोव्हेंबरमध्ये क्लीव्हलँड येथे 17 मिनिटांच्या पावसाच्या व्यत्ययानंतर दहाव्या इनिंगमध्ये संघाला वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सामन्यात 8-7 असा विजय मिळाला, तेव्हा जल्लोषाबरोबर एक विलक्षण हजेरीपटही तयार झाला. रिग्ली फील्डच्या बाहेरच्या विटांच्या भिंतींवर लोकांनी रंगीत खडूंनी आपापल्या दिवंगत बापांची, आज्यांची, काकांची नावे लिहिली. खालच्या विटा भरल्या तशी नावे हात पोहोचेल तिथवर चढत गेली. एका मुलाने तर तो सामना वडिलांच्या थडग्यापाशी बसून रेडिओवर ऐकला, कारण तसे वचन बापलेकांनी एकमेकांना पूर्वीच दिलेले होते. हयात मंडळींना मात्र एक अडचण जाणवू लागली: "पुढच्या वर्षी बघू" हे तीन-चार पिढ्यांनी वापरून मऊ केलेले वाक्य आता ठेवायचे कुठे? सुदैवाने 2017 मध्ये संघ वर्ल्ड सिरीजच्या उंबरठ्यावरच अडखळला, आणि ते वाक्य जुन्या स्वेटरसारखे माळ्यावरून काढून नातवंडांच्या अंगावर चढवण्यात आले. थोडे ढगळ होते, पण चालून गेले.