मासा सोडून देणाऱ्यांविषयी एक तक्रार

आमच्या घाटंजी गावाला समुद्र दोन्ही बाजूंनी सारखाच गैरसोयीचा आहे. अरबी समुद्र सरळ रेषेत पाचशे किलोमीटरहून लांब, बंगालचा उपसागरही तसाच. इथल्या वाघाडी नदीचं पाणी पैनगंगेला मिळून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत शेवटी उपसागरात जातं, एवढाच काय तो आमचा संबंध, आणि तोही एकतर्फी. आमच्याकडून पाणी जातं, तिकडून मासा येत नाही. येतो तो आंध्रातल्या तळ्यांमधला, बर्फात, थर्माकोलच्या खोक्यात बसून. 2023 साली सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं, तेव्हा आम्हीही रीतसर अभिमान बाळगला. भाव विचारला नाही.

अशा गावात आता जीटी या माशाविषयी बोलणं भाग पडत आहे. जीटी म्हटलं की इकडे आजवर बल्लारशाहवरून जाणारी ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस कळायची. हा जीटी म्हणजे जायंट ट्रेव्हली. कोकणात ज्यांना कोकर म्हणतात त्यांच्याच कुळातला, पण अंगाने फार वाढलेला. हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या उष्ण बेटांभोवती तो राहतो. गळाने धरलेल्या जीटीचा जागतिक विक्रम 72.8 किलोंचा आहे. तो 2006 साली जपानच्या तोकारा बेटांजवळ झाला. कापसाच्या भाषेत सांगायचं तर क्विंटलला सत्तावीस किलो कमी.

या माशाचा घाटंजीत शिरकाव आमच्या नागपूरच्या साडभाऊंमार्फत झाला. मराठी माणसाने अंदमानला जावं, सेल्युलर जेल पाहावं, सावरकर तिथे 1911 ते 1921 होते हे सोबतच्यांना सांगावं आणि गंभीर होऊन परत यावं, अशी रीत आहे. साडभाऊंनी जेल अर्ध्या दिवसात उरकलं आणि उरलेली सुट्टी किनाऱ्यावरच्या खडकांवर काढली. तेव्हापासून ते रोज सकाळी एक फोटो पाठवतात. त्यात मासा दोन्ही हात ताणून कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरलेला असतो. त्यामुळे मासा आहे त्याहून मोठा दिसतो आणि साडभाऊ आहेत त्याहून लहान. या दोन्ही गोष्टींना आमची हरकत नाही. हरकत आहे ती खालच्या ओळीला. खाली लिहिलेलं असतं, ‘सोडून दिला.’

मासा का सोडला, हे विचारायची सोय नाही. विचारलं की उत्तर मिळतं. जीटीतले मोठे मासेच पुढची पिढी जन्माला घालतात, म्हणून गळाचं उलटं टोक आधीच पकडीने दाबून ठेवायचं, मासा पाण्याबाहेर कमीत कमी वेळ ठेवायचा आणि परत पाण्यात सोडायचा. हे सगळं योग्यच आहे. फक्त हे ऐकताना समोर भाकरी आणि वांग्याची भाजी असू नये.

आता सामानाचं पाहू. आमच्याकडे बांबूची काठी, तंगूस, शिशाचा बारका गोळा, ज्वारीच्या धांड्याचा तरंगा आणि गांडूळ. गांडूळ फुकट मिळतं. साडभाऊंच्या जगात गांडुळाला प्रवेश नाही. तिथे पॉपर नावाचा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा रंगीत मासा असतो, शंभर-दीडशे ग्रॅमचा. तो ताकदीनिशी लाटांच्या पलीकडे भिरकावायचा आणि झटके देत परत ओढायचा. त्याचं पुढचं तोंड खोलगट असल्यामुळे पाणी बदाबद उडतं आणि एखादा मासा घाबरून पळतो आहे असं जीटीला वाटतं. वाटलं नाही, तर पुन्हा भिरकावायचा. हे उन्हात, दिवसभर. चांगल्या रिळाची किंमत लाखाच्या घरात जाते. एवढ्या पैशात किती किलो मरळ येईल, हा हिशेब मी एकदा साडभाऊंसमोर मांडला. ते म्हणाले, ‘तुम्हाला त्यातलं थ्रिल कळणार नाही.’ मला त्यातला दर कळला होता.

त्यातही पहिले काही क्षणच खरे, असं ते म्हणतात. गळ लागल्याबरोबर जीटी खडकाकडे धाव घेतो. त्याला तिथेच रोखलं नाही, तर दोर प्रवाळावर घासून तुटतो. म्हणून दोर जाड, रीळ घट्ट आणि कंबर शाबूत लागते. साडभाऊंच्या सांगण्यानुसार सगळ्यात मोठा मासा असाच दोर तोडून गेला. सगळ्यात मोठा मासा दोर तोडूनच जातो, हा नियम वाघाडीलाही लागू आहे. समुद्राची मक्तेदारी इथे मान्य करता येत नाही.

या माशाचे संस्कारही ऐकून घ्या. सेशेल्समधल्या फार्कुहार बेटापाशी तो पाण्याबाहेर उडी मारून सुरय पक्ष्यांची नवखी पिल्लं गिळतो. बीबीसीने 2017 साली ‘ब्लू प्लॅनेट 2’ मध्ये हे जगाला दाखवलं. आमच्याकडे बगळा मासा खातो आणि त्यात कुणाला चित्रीकरणाजोगं काही दिसत नाही. हवाई बेटांवर या माशाला उलुआ म्हणतात. तिथले लोक कड्यावर काठ्या रोवतात, त्यांना घंटी बांधतात आणि ती वाजेपर्यंत बसून राहतात. जुन्या काळी तिथल्या बायकांना उलुआ खायला बंदी होती, आणि देवाला बळी द्यायला माणूस मिळाला नाही तर हा मासा चालत असे. साडभाऊंच्या फोटोंपेक्षा ही माहिती मला अधिक उपयोगी वाटते.

आता खाण्याचा मुद्दा. प्रवाळावरच्या एका सूक्ष्म जिवाचं विष लहान माशांत शिरतं, लहान माशांतून मोठ्यांत साठत जातं आणि भल्यामोठ्या जीटीत ते भरपूर असू शकतं. शिजवून ते जात नाही. त्याने होणाऱ्या आजाराला सिग्वाटेरा म्हणतात. त्यात उलट्या, जुलाब होतात, हातापायांना मुंग्या येतात आणि थंड वस्तूला हात लावला तर चटका बसतो. मे महिन्यात घाटंजीच्या नळाखाली हात धरला तर हा शेवटचा अनुभव मासा न खाताही येतो. पण मुद्दा असा की जो मासा खाणं धोक्याचं, तो सोडून देण्यात त्याग किती धरायचा? हे साडभाऊंना विचारलं. त्या दिवशी फोटो आला नाही. दुसऱ्या दिवशी दोन आले.

माझी खरी तक्रार मात्र माशाविषयी नाही. वाघाडीच्या काठावर काठी घेऊन बसलेल्या माणसाला आमच्या गावात रिकामटेकडा म्हणतात. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण सायकल थांबवून विचारतो, ‘काऊन भौ, भेटलं काय?’ नाही म्हटलं की तो तिथेच उकिडवा बसतो, तरंग्याकडे बघतो आणि मासे कुठे असतात ते सांगतो. ते नेहमी दुसऱ्या काठाला असतात. धरणावर जावं, तर तिथली मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थेकडे असते. तिने रोहू-कतल्याची बोटुकली सोडलेली असते आणि राखणदार लांबूनच ओरडत येतो. घरी आल्यावर पातेलं आधीच चुलीवर ठेवलेलं असतं आणि त्यात वरण असतं.

साडभाऊ मात्र विमानाने जातात, उन्हात दिवसभर उभे राहतात, खर्च करतात आणि मासा न आणता परत येतात. मीही मासा न आणता परत येतो. निकाल दोघांचा एकच. त्यांच्या रिकाम्या हातांना निसर्गसंवर्धन म्हणतात, त्यावर लोक अंगठे वर करतात. माझ्या रिकाम्या हातांना घरात काय म्हणतात, ते इथे छापण्यासारखं नाही.

तेव्हा विनंती दोनच. बेटांवर जाऊन ज्यांनी मासा सोडला, त्यांनी सोबत फोटोही सोडून द्यावा. आणि घाटंजीत वाघाडीच्या काठावरून कुणी काठी खांद्यावर टाकून रिकाम्या हाताने घरी जाताना दिसला, तर त्याला ‘भेटलं काय’ असं विचारू नये. भेटलं होतं आणि सोडून दिलं, असं समजावं. तेही शक्य नसेल, तर निदान सायकल थांबवू नये.