परिपत्रक मिळाले, साहेब

प्रति,
मा. परिपत्रककार साहेब
(प्रत्येक कचेरीत एक असतातच, म्हणून नाव घातलेले नाही.)

विषय : मान्यता नसलेली एआय साधने वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांबाबत.

महोदय,

आपले परिपत्रक पोचले. चहाच्या मशिनशेजारी डकवलेही आहे. त्याचे पालन इतके कसोशीने झाले की ऑफिसच्या एकाही संगणकावर आता चॅटजीपीटी उघडत नाही.

वसुलीचे काम बघणारा मुलगा थकबाकीदारांची यादी स्क्रीनवर लावतो, खिशातला मोबाइल काढून तिचा फोटो घेतो आणि स्वतःच्या फुकट खात्यात चढवतो. नावे, फोन नंबर, थकलेल्या रकमा, कडेला शेजारणीच्या डब्याचे झाकण, सगळे त्या फोटोत येते. मिनिटभरात तयार झालेले पत्र तो मोबाइलवरून स्वतःलाच मेल करतो आणि छापून आपल्या सहीला ठेवतो. आपल्या फायरवॉलला यातले काही दिसत नाही. बंदीपूर्वी निदान कोण कुठे गेले याची नोंद तरी राहायची.

बंदीला कारण नाही, असे कोण म्हणेल? सॅमसंगने मार्च २०२३ मध्ये आपल्या सेमीकंडक्टर विभागात चॅटजीपीटीला मुभा दिली आणि वीसेक दिवसांत तीन प्रकार घडले. दोघांनी गोपनीय कोड त्यात टाकला. तिसऱ्याने बैठकीच्या ध्वनिमुद्रणाचा मजकूर टाकून इतिवृत्त मागितले. कंपनीने आधी प्रश्नाला १०२४ बाइटची मर्यादा घातली. (देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट खाते, तेवढ्यात मराठी माणसाचा रजेचा अर्जही मावत नाही.) मग मे महिन्यात बंदी घातली. पण सॅमसंग तिथेच थांबली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिने स्वतःचे ‘गॉस’ हे एआय मॉडेल जाहीर केले. चॅटजीपीटीला आधी आडकाठी करणाऱ्या जेपी मॉर्गन बँकेनेही २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना स्वतःचे साधन दिले. आपल्याकडे परिपत्रकाचा पहिला भाग आला, दुसरा अजून टंकलेखनात असावा.

नुसत्या कागदाचे काय होते, ते सरकार दरबारीही दिसले. अर्थ मंत्रालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी चॅटजीपीटी, डीपसीकसारखी साधने ऑफिसच्या संगणकांवर टाळा, असे कळवले. त्याच मंत्रालयाखालच्या प्राप्तिकर खात्याने मार्चमध्ये एका कंपनीचे ३.०९ कोटींचे उत्पन्न २७.९१ कोटी ठरवले आणि आधाराला असे निवाडे दिले जे कुठल्याच न्यायालयाने दिलेले नव्हते! ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. एआयच्या या काळात यंत्राने पुढे केलेले डोळे झाकून घेऊ नका, पडताळा, असेही बजावले. भुर्दंडाची टांगती तलवार तोवर करदात्याच्या डोक्यावर होती.

मायक्रोसॉफ्ट आणि लिंक्डइन यांच्या २०२४ च्या पाहणीत एआय वापरणाऱ्यांपैकी ७८ टक्के लोक स्वतःचेच साधन कामावर आणताना आढळले. मायक्रोसॉफ्टला आपला कोपायलट खपवायचा आहे, हे धरूनही आकडा बोलका आहे. त्याहून बोलके हे की ५२ टक्क्यांना महत्त्वाच्या कामात एआय वापरल्याची कबुली द्यायला नको वाटते.

का वाटावे? दोन दिवसांचा अहवाल जेवणाच्या सुट्टीआधी हातात पडला तेव्हा आपण ‘शाब्बास’ म्हणालात. कसा झाला, हे विचारले नाहीत. विचारले असते तर उत्तर ऐकावे लागले असते. आता ग्राहकांची यादी फुटली तर परिपत्रक दाखवून आपण मोकळे, आणि मुलगा दोषी. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र २५० कोटींपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे, आणि तो कंपनीला भरायचा आहे, वसुलीच्या मुलाला नाही.

तरी विनंती अशी, की कोणते साधन चालेल, त्यात ग्राहकाची कोणती माहिती घालायची नाही आणि आलेले उत्तर कोणी तपासायचे, एवढे तीन ओळींत कळवावे. सोमवारच्या आत कळवलेत तर बरे. तिमाही अहवाल सोमवारी सकाळी हवा, असा आपलाच निरोप आहे.

कळावे,
तिसऱ्या मजल्यावरील आज्ञाधारक कर्मचारी