पाचरमीमांसा

ग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगून टाकाव्यात, असा जुन्या शास्त्रकारांचा दंडक आहे. तो पाळतो. विषय : गोल्फमध्ये चेंडू हिरवळीजवळ पोचल्यावर लागणारी ‘वेज’ नावाची काठी नवशिक्याने कशी निवडावी. प्रयोजन : न्यू जर्सीच्या भाच्याने परत जाताना वजन जास्त भरलं म्हणून आमच्या बदलापूरच्या घरी टाकून दिलेली काठ्यांची पिशवी. संबंध : मामा-भाचे. अधिकारी : ज्याला हा खेळ अजिबात येत नाही, असा कोणीही. या कसोटीवर प्रस्तुत लेखकाएवढा अधिकारी पुरुष कल्याण-कर्जत पट्ट्यात मिळणं अवघड आहे.

आता लक्षण. वेज म्हणजे पाचर. मराठी माणसाला ती नवी नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत ती ठरावागणिक मारली जाते. बदलापूर लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा माणूस जो कोन करून टेकतो, तीही पाचरच. मात्र पाचर मारली असता वस्तू घट्ट बसण्याऐवजी वर उडते, ही कल्पना खास पाश्चात्त्य आहे.

पाचरीचे भेद चार. काठीचं पातं मागे किती कललं आहे, त्या अंशांवरून ते ठरतात. पिचिंग वेज साधारण ४४ ते ४८ अंशांची, गॅप वेज ५० ते ५२, सँड वेज ५४ ते ५६ आणि लॉब वेज ६० च्या आसपास. अंश जितके जास्त, तितका चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. नवशिक्याच्या हातात तो कित्येकदा इतका जवळ पडतो की पाहायला मानही वळवावी लागत नाही.

पूर्वपक्ष भाच्याचा. तो फोनवर म्हणाला, “मामा, चारही वेज पिशवीत हव्यातच. खरा खेळ शेवटच्या शंभर यार्डांत असतो.” यात तथ्य आहे. ७२ फटक्यांच्या मैदानात दर खड्ड्याला दोन याप्रमाणे ३६ फटके नुसते हिरवळीवर चेंडू ढकलण्याचे धरलेले असतात. हिरवळीवर पोचण्याआधीची धांदल वेगळी. अमेरिकी गोल्फ संघटनेने १९३८ मध्ये जास्तीत जास्त १४ काठ्यांचा नियम केला, तेव्हा चार पाचरींना कायद्याचीही आडकाठी नाही. आडकाठी फक्त बुद्धीची आहे. तिची प्रमाणं क्रमाने देतो.

प्रथम प्रत्यक्ष. जी वस्तू जगात आहे ती उल्हासनगरात मिळतेच, असा आमच्या भागाचा सिद्धान्त आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले निर्वासित वसले, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली, आणि पुढे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद देशभर गेला. मी कॅम्प एकमध्ये उतरून गोल्फच्या सामानाची चौकशी केली. लोकांनी एकमताने मला गोल मैदानात नेऊन सोडलं. तिथे एका दुकानात “वेज आहे का?” असं विचारलं, तर मालक म्हणाले, “साईं, सामने जाओ, प्युअर व्हेज है.” शेवटी फर्निचरच्या बाजारात एका सुताराला ‘पाचर’ असं स्वच्छ मराठीत सांगितलं. त्याने रंधा थांबवला आणि विचारलं, “किस के लिए? पहले गॅप दिखाओ, फिर पच्चर मिलेगी.”

या वाक्याचं महत्त्व घरी आल्यावर कळलं. हल्लीचे कारखानदार काठ्यांचे अंश कमी करत चालले आहेत, म्हणजे चेंडू लांब जातो आणि गिऱ्हाईक खूश होतं. नव्या संचातली पिचिंग वेज त्यामुळे कधी कधी ४३-४४ अंशांवर येते. सँड वेज मात्र ५६ वरच उभी. मधे बारा-तेरा अंशांचं खिंडार पडलं. ते बुजवायला गॅप वेज. आधी फट पाडायची आणि मग तिची पाचर विकायची, हा व्यवहार सुताराच्या नीतीत बसत नाही. आमच्या पिशवीतली पिचिंग वेज जुनी, ४८ अंशांची निघाली. ५६ पर्यंत आठच अंश उरले, आणि माझ्या हाताची चूक त्याहून मोठी आहे. तेव्हा गॅप वेज बाद.

दुसरं शब्दप्रमाण, म्हणजे आप्तवाक्य. इथे आप्त म्हणजे गोल्फपटू जीन सॅराझेन. विमान चालवायला शिकताना त्या यंत्राच्या पट्ट्यांची करामत पाहून त्याला सुचलं, की काठीच्या तळाला मागून जाडी दिली तर ती वाळूत रुतणार नाही. त्याने डाख देऊन तळ जाड केला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. ती स्पर्धा झाली त्या गावाचं नाव सँडविच. वाळूच्या काठीचा विजय सँडविचमध्ये व्हावा, यात दैवी संकेत शोधणारे शोधोत.

तळाच्या या फुगवट्याच्या अंशांना ‘बाउन्स’ म्हणतात. तिसरं प्रमाण अनुमान, आणि ते इथे लागू होतं. जमीन मऊ तर बाउन्स जास्त हवा, म्हणजे काठी रुतत नाही. जमीन टणक तर कमी हवा. नाहीतर काठी उसळून चेंडूच्या डोक्यावर आपटते. आता आमची जमीन पाहा. अंबरनाथचं शिवालय इसवी सन १०६० पासून काळ्या दगडात उभं आहे, कारण खाली-वर दगडच दगड. मे महिन्यात आमचं पटांगणही त्याच जातीचं होतं. उलट २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जिथे अख्खी गाडी अडकते, तिथे बिनफुगवट्याची काठी काय तग धरणार? सिद्धान्त असा : उन्हाळ्यात कमी बाउन्सची पिचिंग वेज, पावसाळ्यात दहा-बारा अंश बाउन्सची सँड वेज. शिवाय नवशिक्या चेंडूआधी जमिनीलाच मारतो, आणि त्या पापाचं प्रायश्चित्त जाड तळच घेतो.

चौथं उपमान. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या शेजारच्या वस्तीत कॅडीचं काम करणारी पोरं सळई वाकवून काठी बनवतात आणि प्लॅस्टिकच्या चेंडूने गल्लीबोळात गोल्फ खेळतात. काठी एक, कोन एक. पत्रे, नळ, गटार चुकवत चेंडू अचूक टाकतात. पिशवीतल्या चौदा काठ्यांकडे पाहताना मला ती एक सळई आठवते आणि जरा ओशाळायला होतं.

उरली लॉब वेज. ती तळहाताएवढ्या जागेत चेंडू उभा उतरवते. पण त्यासाठी जोरात फटका मारावा लागतो. जोरात मारलेला फटका नवशिक्याचा असेल, तर पात्याची धार चेंडूच्या पोटात बसते. चेंडू वर न जाता सपाट सुटतो. हा प्रयोग मी सकाळी सहाला केला. तेव्हा पटांगणात क्रिकेटवाली मुलं आली होती. त्यांनी चेंडू परत दिला, पण म्हणाली, “काका, उद्यापासून जरा आधी येत जा.”

तात्पर्य : नवशिक्याने दोन पाचरी ठेवाव्यात, पिचिंग आणि ५६ अंशांची सँड. तिसरी घेण्याआधी फट दाखवावी. आमच्याकडची लॉब वेज सध्या मागच्या दाराखाली सरकवून ठेवली आहे. दार वाऱ्याने आपटत नाही.