समुद्रसपाटीवरचा घाट

माउंटन बाइकला डोंगर लागतो, आणि चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये नेमका तेवढाच मिळत नाही. बाकी सगळं मिळतं. गोडाउन स्ट्रीटला ठोक भावात कापड, बर्मा बाजारात मोबाइल, मिंट स्ट्रीटला मुरुक्कू सँडविच. शहरातला नाव घेण्याजोगा चढ म्हणजे सेंट थॉमस माउंट. तो जेमतेम तीनशे फुटांचा, तोही पार दुसऱ्या टोकाला.

तरीही वेताळ टेकडीवर तयार झालेल्या एका पुणेकर बँकवाल्यानं बदली होताच आपली सायकल रेल्वे पार्सलनं इथे आणली. “तिकडे चढ आहे का?” बायकोनं विचारलं. “समुद्र आहे ना!” तो म्हणाला.

तशी सायकल इथे परकी नाही. मुरुगप्पा घराण्यानं 1949 मध्ये इंग्लंडच्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सबरोबर टीआय सायकल्स काढली. कारखाना अंबत्तूरला, हर्क्युलिस आणि बीएसए तिथल्याच. समूहाचं मुख्यालय मात्र कित्येक वर्षं जॉर्ज टाउनमधल्याच पॅरीज कॉर्नरच्या डेअर हाउसमध्ये होतं. जाड टायरच्या सायकलींचा कारभार बंदरापासून हाकेच्या अंतरावर चालला.

माउंटन बाइकची शर्यत मात्र जन्मली ती कॅलिफोर्नियात. 21 ऑक्टोबर 1976 ला फेअरफॅक्सजवळ काही पोरांनी जुनाट, जाड टायरच्या सायकली दोन मैलांच्या कच्च्या उतारावरून सोडल्या. उंचीतला फरक तेराशे फुटांचा. उलट पेडल मारून लावायचे ब्रेक इतके तापत की आतलं ग्रीस जळून जाई. दर खेपेला हब उघडून ते पुन्हा भरावं लागे, म्हणून शर्यतीचं नावच पडलं ‘रीपॅक’.

आपल्या पुणेकराचा लूप साधा. एनएससी बोस रोडवरून मिंट स्ट्रीट, वर ओल्ड जेल रोड, मग तंबू चेट्टी स्ट्रीटनं खाली. जंगलातली झाडं निदान जागची हलत नाहीत. इथे कापडाच्या गठ्ठ्यांखाली गडप झालेली हातगाडी अचानक वळते, आणि जुन्या दुचाकीचं इंजिन बसवलेली मीनबॉडी वंडी मागे न बघता मागे येते. रुंद हँडलला डोंगरात तोल सांभाळायला मान आहे. मिंट स्ट्रीटवर ते आधी स्वतः जातं, मालकाला जागा उरली तर मग तो. त्याला आलेली पहिली तमिळ ओळ “ओरम पो!”, म्हणजे बाजूला हो. ती त्यानं बोलून नव्हे, ऐकून पाठ केली.

तंबू चेट्टी स्ट्रीटवर कालिकांबाळ देवीचं देऊळ लागतं. 3 ऑक्टोबर 1677 ला शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते, असं देवळाची परंपरा सांगते. तिथे तो हेल्मेट काढून हात जोडतो. महाराज घोड्यावरून आले, तेव्हा गल्लीत मीनबॉडी नव्हती, एवढं मात्र त्याच्या मनात येतंच.

पुण्याच्या ग्रुपवर त्यानं ॲपचा फोटो टाकला. चढाईचा आकडा कापून काढला होता. उरला तो हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, मिंट स्ट्रीटपाशी थेट आभाळाला भिडलेला. लगेच उत्तर आलं: “कुठला घाट रे हा?”