घरगुती इंटरनेट फोन: रचना, जोडणी आणि निरोप

घरगुती इंटरनेट फोन म्हणजे जुन्या फोनची नक्कल. जुना फोन भिंतीतल्या खाचेत वायर खोचली की चालू होत असे. नकलेला मात्र एक संगणक, एक राउटर, एक ॲडॉप्टर, बरेच पासवर्ड आणि घरातल्या एका अभियंत्याचा शनिवार-रविवार लागतो. बिल वाचावे म्हणून ही यंत्रणा बसवतात. वाचलेल्या बिलातून आलेल्या सामानाचे बिल वेगळे ठेवण्याची पद्धत आहे.

यंत्रणेच्या केंद्रस्थानी बहुधा ‘ॲस्टरिस्क’ हे मोफत सॉफ्टवेअर असते. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने ते १९९९ मध्ये लिहिले. त्याला आपल्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज हवे होते आणि विकतचे परवडत नव्हते. आता तेच एक्स्चेंज रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर मावते. न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात ते बसले, की स्वयंपाकघराला १०१, बेडरूमला १०२ आणि तळघराला १०३ असे क्रमांक मिळतात. जेवायला बोलावण्यासाठी मात्र पूर्वीप्रमाणेच जिन्यातून ओरडतात.

जुने फोनयंत्र या एक्स्चेंजला ॲडॉप्टरमार्फत जोडतात. खरी नक्कल करतो तो हा डबा. रिसीव्हर उचलताच येणारी डायल टोन पूर्वी दूरच्या एक्स्चेंजमधून येई, आता टेबलाखालचा डबाच ती गुणगुणतो. घंटाही तोच वाजवतो. अमेरिकी घंटा दोन सेकंद वाजते आणि चार सेकंद गप्प बसते. भारतात वाढलेल्या कानांना ‘ट्रिंग-ट्रिंग’ अशी जोडघंटा हवी असते, आणि सेटिंगमध्ये आकडे बदलून तीही मिळवता येते. डिजिटल लाइनवर कुणी बोलत नसले की शांतता इतकी ठार असते, की ऐकणाऱ्याला फोन कट झाल्यासारखे वाटते आणि तो ‘हॅलो, हॅलो’ सुरू करतो. म्हणून यंत्रणा त्या जागी मुद्दाम बारीक खरखर भरते. जुन्या लाइनवर याच खरखरीबद्दल तक्रार करत असत.

आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात आणि त्यांची साधारण ५० पाकिटे करून पाठवतात. फार उशिरा पोचलेले पाकीट टाकून देतात. एखादे गळाले तर कळतही नाही. पण सलग दहा-पंधरा गळाली, तर ‘येत नाही’ मधला ‘नाही’ सहज नाहीसा होतो आणि पाहुणे जेवायला येणार असे घरच्यांना वाटू लागते.

एकतर्फी आवाज हा या यंत्रणेतला सर्वांत प्रसिद्ध दोष. फोन जुळवणारे संदेश एका वाटेने जातात, आवाज दुसऱ्या वाटेने. राउटरच्या आत बसलेला फोन पलीकडच्याला आपला घरगुती पत्ता कळवतो. तो १९२.१६८ ने सुरू होतो आणि बाहेरच्या जगात त्याला अर्थ नसतो. पलीकडचा आवाज त्या पत्त्यावर निघतो आणि पोचत नाही. फोन पुण्याच्या आत्याबाईंचा असेल, तर हा दोष बरेच दिवस लक्षात येत नाही. त्यांना बोलण्यासाठी पलीकडून आवाज यावा लागत नाही.

राउटरचे ५०६० क्रमांकाचे दार जगाला उघडे ठेवले, तर रात्री तीन वाजताही घंटा वाजते. पडद्यावर ‘१००’ दिसते आणि पलीकडे कुणीच नसते. हे भूत नसून, फुकट फोन करता येईल असे एक्स्चेंज हुडकत फिरणारे प्रोग्रॅम असतात. एक्स्टेन्शन १०१ चा पासवर्डही १०१ ठेवलेल्या घरात बिल वाचत नाही.

वीस सेकंदांत फोन उचलला नाही तर निरोपपेटी पुढे यावी, अशी व्यवस्था बरेच जण करतात. अमेरिकी घंटा तेवढ्यात जेमतेम चारदा वाजते आणि तळघरातला माणूस चौथ्या पायरीवर असतो. ॲस्टरिस्कच्या निरोपपेटीचे अधिकृत नाव ‘कॉमेडियन मेल’ असून एक बाई ते अतिशय गंभीर आवाजात जाहीर करते. निरोप ठेवायच्या कप्प्यांत कामाचा क्रमांक दोन, कुटुंबाचा तीन आणि मित्रांचा चार. हवा तर प्रत्येक निरोप ध्वनिफीत होऊन ईमेलनेही येतो.

नातेवाइकांच्या निरोपांचे तीन प्रकार आढळतात. पहिल्यात नुसता श्वास असतो. दुसऱ्यात रेकॉर्ड केलेल्या आवाजाला उत्तर असते: “अगं, घरी नाहीस तर बोलतेस कुठून?” तिसरा “काही विशेष नाही” असा सुरू होतो आणि पेटीची वेळमर्यादा संपेपर्यंत चालतो. मिस्ड कॉलवर वाढलेल्या पिढीचा या पेटीवर राग असतो. न उचललेला फोन हाच त्यांचा निरोप, आणि तो फुकट. पेटीने फोन उचलला की मीटर सुरू.

जुन्या फोनला तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजकडूनच सुमारे ४८ व्होल्टची वीज मिळे, म्हणून घरातले दिवे गेले तरी तो चाले. नकलेला ही कला येत नाही. राउटर, संगणक आणि ॲडॉप्टर तिघांनाही यूपीएस लागतो. अमेरिकेत इंटरनेट फोन पुरवणाऱ्यांना ९११ या आपत्कालीन क्रमांकाची सोय देणे २००५ पासून बंधनकारक आहे. त्यासाठी ग्राहकाने घरचा पत्ता नोंदवायचा असतो. घर बदलून पत्ता न बदलल्यास रुग्णवाहिका जुन्या घरी पोचते.

एवढे झाले की जोडणी पूर्ण होते. शेवटी चाचणीसाठी घरच्या नंबरवर बाहेरून एक फोन करावा लागतो. तो मोबाइलवरून करतात.