व्होल्टेज आलं की वाजवतो

(रंगमंचावर एक टेबल. त्यावर झाकणाचा जुना रेकॉर्ड प्लेअर, शेजारी स्टॅबिलायझर आणि एकच स्पीकर. दुसऱ्या स्पीकरची नुसती वायर लोंबते आहे. खाली खोक्यांत उभ्या लावलेल्या रेकॉर्डी. पायजमा-बंडीतला साठीचा गृहस्थ स्टॅबिलायझरच्या काट्याकडे टक लावून बघतो आहे.)

थांबा... एकशे साठ... एकशे सत्तर... चढतंय, चढतंय... अहो, विंगेतला तो पंखा बंद करा कुणीतरी! (काटा पडतो.) गेलं. पुन्हा एकशे चाळीस. बसा आता. व्होल्टेज येईपर्यंत बोलू.

मी यवतमाळचा. जिनिंग फॅक्टरीत हिशेबनीस होतो. आयुष्यभर कापसाच्या गाठी मोजल्या, आता रेकॉर्डी मोजतो. गाठी निदान विकल्या तरी जायच्या.

जॅझ ऐकतो. (प्रेक्षकांकडे बघत) बघा, हा चेहरा मला पाठ आहे. आमच्या जिल्ह्यात टिपेश्वरला वाघ आहेत, ते बघायला लोक तिकीट काढतात. मला बघायला फुकट येतात, खिडकीतून.

आता तुम्ही म्हणाल, यवतमाळात जॅझच्या रेकॉर्डी मिळतात कुठे? कबाड्याकडे! पण कबाड्याची एक शिस्त असते. कव्हर पुठ्ठ्याचं, म्हणून ते रद्दीच्या ढिगात. तबकडी प्लास्टिकची, म्हणून ती बादल्या-मगांच्या ढिगात. भाव वेगळे, काटा वेगळा. मी या ढिगात कव्हर शोधणार, त्या ढिगात तबकडी शोधणार, आणि दोघांची गाठ घालून देणार. अशी लग्नं मी पुष्कळ लावली. काही पत्रिका न बघता लागली. माइल्स डेव्हिसच्या कव्हरातून ‘जय संतोषी माँ’ निघाली. आईनं ती शुक्रवारी लावली, आणि कव्हरवरच्या त्या ट्रम्पेटवाल्यालाही उदबत्ती ओवाळली. म्हणाली, “देवीचाच कोणी भक्त असन बापा.”

माइल्सची तबकडीही सापडली पुढे, बादलीखाली. ‘काइंड ऑफ ब्लू’! (खोक्यातून काढतो, काठांनाच धरतो.) असं धरायचं. बोट लावायचं नाही. सुनेला सांगितलं तर म्हणते, “बाबा, नातवाले तरी असं धरा कधी.”

या रेकॉर्डची गंमत ऐका. २ मार्च १९५९, न्यूयॉर्क. कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ, जुन्या चर्चमध्ये. जगातले एकेक नग वादक जमलेले. कोल्ट्रेन, बिल इव्हान्स. सगळं चोख. फक्त टेपचं मशीन त्या दिवशी किंचित हळू फिरत होतं. हळू फिरणाऱ्या टेपवर भरलं आणि नीट वेगानं वाजवलं, की काय होणार? पळणार! पहिली बाजू अख्खी, सूर जरासा चढलेला. जगभर लोकांनी ती तशीच ऐकली, माना डोलावल्या, तिच्यावर पुस्तकं लिहिली. कंपनीनं ती नीट करून काढली १९९२ साली.

आणि यवतमाळात? (स्टॅबिलायझरवर थाप) आमच्याकडे संध्याकाळी सातला मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. व्होल्टेज बसलं की माझा प्लेअर रेंगाळतो. प्लेअर रेंगाळला की सूर उतरतो. मी पेटी घेऊन बसलो, पट्टी लावून बघितली. बरोब्बर! जे करायला न्यूयॉर्कला तेहतीस वर्षं लागली, ते आमच्याकडे रोज सातला होतं. दुसरी बाजू मात्र मूळची बरोबर आहे. ती मी पहाटे लावतो.

(कपाळ पुसतो.) मे महिना मात्र कठीण. पंचेचाळीसचा पारा! माणूस सहन करतो, व्हाइनिल नाही करत. रेकॉर्ड आडवी राहिली की वाकडी झाली समजा. मग सुई वर जाते, खाली येते, पुन्हा वर, आणि सॅक्सोफोनवाल्याला मळमळल्यासारखं वाटतं. म्हणून कूलरचं तोंड मी खोक्यांकडे केलं. बायको काही बोलली नाही. खाट उचलली आणि खोक्यांशेजारी टाकली. कूलरच्या ओलीनं मग कव्हरांना बुरशी धरली. बायको ठणठणीत आहे.

तिचा राग जॅझवर नाही. तिचा राग ऑर्नेट कोलमनवर आहे.

(दुसरी रेकॉर्ड काढतो.) ‘फ्री जॅझ’. १९६१. आता चौघांनी वाजवलं की झाला क्वार्टेट. कोलमन म्हणाला, दोन घ्या. दोन ट्रम्पेट, दोन बेस, दोन ड्रमवाले. एक क्वार्टेट कोलमनचा, डाव्या स्पीकरात; एक एरिक डॉल्फीचा, उजव्या. सुमारे सदतीस मिनिटं. मध्ये थांबणं फक्त रेकॉर्ड उलटायला. आठही जण एकदम. ठरलेली चाल थोडीशी, बाकी ज्याला जे सुचेल ते.

पहिल्यांदा लावली तेव्हा मी डोळे मिटून बसलो होतो. डोळे उघडले तर दारात शेजारचे काका, मागे काकू, मागे त्यांचा जावई. काका म्हणाले, “काऊन भाऊ, वाटणी चालू हाय का?” मी म्हटलं, “नाही हो, संगीत आहे.” ते आत आले, खुर्ची ओढली, दहा मिनिटं मन लावून ऐकलं. मग उजव्या स्पीकरकडे बोट दाखवून म्हणाले, “धाकल्याचं बरोबर हाय. विहिरीतला हिस्सा त्याले भेटलाच पाह्यजे.”

मी जॅझवर बरंच वाचलंय, पण ‘फ्री जॅझ’चं एवढं नेमकं रसग्रहण मला कुठे सापडलं नाही.

त्या दिवसापासून घरात कायदा झाला. एका वेळी एकच स्पीकर. (लोंबती वायर दाखवतो.) सम तारखेला डावा, विषम तारखेला उजवा. कोलमन सम तारखेला येतो. एरिक डॉल्फी विषम तारखेला. दोघांची गाठ पडते बायको माहेरी गेली की.

एकदा मी तिला म्हटलं, अमेरिकेत जॉन केज नावाचे संगीतकार होऊन गेले. १९५२ सालची त्यांची एक रचना आहे. वादक येतो, पियानोपुढे बसतो, झाकण लावतो, आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीही वाजवत नाही. तिनं भाजी निवडायची थांबवली. “काहीच नाई?” काहीच नाही. तीन भाग आहेत त्याचे. “आणि लोकं?” टाळ्या वाजवतात. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, लग्नानंतर पहिल्यांदाच असेल. म्हणाली, “अहो, ही आणा नं.”

मी समजावलं, तसं नसतं ते. त्या वेळात आजूबाजूचे जे आवाज होतात, तेच संगीत! म्हणाली, “ते तं लाईन गेली का आपल्या घरी रोजच होते.”

(काट्याकडे बघतो.) एकशे पासष्ट. येईल.

आता ही बघा. चरणजितसिंग. मुंबईचे, हिंदी सिनेमातले वादक. १९८२ साली त्यांनी रेकॉर्ड काढली, ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’. दहा राग, तीन यंत्रं, एक माणूस. त्यातलं एक यंत्र बनवलं होतं बेस गिटारवाल्याचे पैसे वाचवायला. पण त्याला एक खोड, एका सुरावरून दुसऱ्यावर ते घसरत जायचं. यांनी विचार केला, घसरतंय? मग मींड घे की लेका! भैरव वाजवून घेतला त्याच्याकडून. कुणी घेतली नाही ती रेकॉर्ड. पुढे शिकागोच्या पोरांनी तेच यंत्र पिळून नवं संगीत काढलं, जगभर नाचले लोक. २०१० साली ही रेकॉर्ड परत निघाली, तेव्हा सगळे म्हणाले, अरे, हे तर त्या पोरांच्या आधी मुंबईत झालं होतं!

आमच्या गल्लीतल्या पेटीच्या मास्तरांना ऐकवली. मालकंस लागला. डोळे मिटले त्यांनी. बराच वेळ गप्प. म्हणाले, “राग शुद्ध आहे. मांडी घालून बसायचं की उठायचं, तेवढं सांगा.”

(उत्साहानं पुढे येतो.) आणि लोक मला विचारतात, हे परकं खूळ कुठून आणलं? परकं? १९३५ साली लिऑन ॲबी बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये उतरला. त्याचं ऐकून गोव्याची पोरं पेटली. चर्चच्या शाळांतून नोटेशन शिकून आलेली. त्यातला एक चिक चॉकलेट, खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. रात्री हॉटेलात साहेब नाचवायचा, दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. तिथे त्याला भेटले सी. रामचंद्र. पुणतांब्याचे चितळकर! आणि १९५१ साली निघाला ‘अलबेला’. ‘शोला जो भडके’ ऐका पुन्हा. चिक आणि त्याचे वादक तर त्या सिनेमात पडद्यावरही दिसतात. आणि पुढे नाचतंय कोण? भगवानदादा. जन्म कुठला? अमरावती! (हात उंचावून) इथून यष्टीनं दोन-अडीच तास!

ही त्या गाण्याची अठ्ठ्याहत्तरची तबकडी. लाखेची. पडली तर फुटणार, बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. त्यात मुखडा, अंतरे आणि चिकचा ट्रम्पेट. कोलमनला सदतीस मिनिटं लागली हो!

ही कबाड्यानं मला फुकट दिली. म्हणाला, “हे जड लागते, पण पलास्टिकमधी कोणी घेत नाई.”

परवा पुतण्याचं लग्न होतं, दारव्ह्याला. वरात. भर दुपार. बँडवाला अलबेलातलंच गाणं वाजवत होता. मी आपला टॉवेल डोक्यावर घेऊन मागे. मुखडा झाला, अंतरा झाला, आणि एकदम ट्रम्पेटवाला वाट सोडून निघाला! वर चढला, एका सुरावर लोंबकळला, तिथून घसरला, भलत्याच पट्टीत उतरला, परत वर! ताशेवाला बिचकला, मग त्यानंही ताल मोडला. मी गर्दीतून घुसलो. वरात थांबवली. नवरदेव घोड्यावर, घोडा उन्हात, मुलीचे वडील मांडवात घड्याळ बघतायत. मी ट्रम्पेटवाल्याचा हात धरला. “कुठे शिकलास रे हे?”

तो घाबरला. “चुकलं साहेब. धून इसरलो. म्हटलं, याद येतपर्यंत काहीतरी वाजवत राहू.”

“तेच पाहिजे! तेच वाजव परत!”

“तेच तं नाई येणार साहेब.”

“मग दुसरं वाजव. पण असंच. गाण्यावर यायचं नाही. मांडवापर्यंत.”

त्यानं बँडमास्तरकडे पाहिलं. बँडमास्तर पुढे आला, टोपी सारखी केली, म्हणाला, “साहेब, ठरले ते पैसे बराबर वाजवाचे हायत. असं वाजवाचे एकस्ट्रा लागतीन.”

मी विचारलं, “का रे बाबा?”

म्हणाला, “असं वाजवलं का पुढची सुपारी भेटत नाई नं!”

(काटा वर चढतो. तो झडप घालून सुई ठेवतो. ट्रम्पेट सुरू होतो. विंगेतून बायकोचा आवाज: “अहो, आज तारीख कोणती?” तो झटकन डाव्या वायरकडे धावतो. अंधार.)